समुपदेशकाचं काम कोण पाहतं?

दर काही महिन्यांनी एकच वाद नव्याने पेटतो. कुठल्या तरी शहरात एखादा बिनपरवान्याचा समुपदेशक उघडकीला येतो, किंवा काही आठवड्यांत थेरपिस्ट बनवून देणाऱ्या कोर्सची जाहिरात फिरायला लागते, आणि दोन फळ्या तयार होतात. पहिली म्हणते, पदवी नाही, नोंदणी नाही, तर दुकान बंद करा. माणसांच्या मनाशी खेळ चालणार नाही. दुसरी म्हणते, पुस्तकं वाचून माणूस कळतो का? ज्याने आयुष्य पाहिलंय, जो स्वतः नैराश्यातून बाहेर आलाय, त्याला कागद कशाला हवा? मग पहिली दुसरीला भोंदू ठरवते, दुसरी पहिलीला पढतमूर्ख. पंधरवड्यात सगळं निवतं, पुढच्या प्रकरणापर्यंत.

या भांडणात मला कुणाचीच बाजू घ्यावीशी वाटत नाही. दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे म्हणून नव्हे, तर दोघं एकाच चुकीच्या समजुतीवर उभे आहेत म्हणून. मानसोपचाराचं कौशल्य ही थेरपिस्टच्या अंगात साठत जाणारी वस्तू आहे, हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. एकाच्या मते ती विद्यापीठात भरली जाते, दुसऱ्याच्या मते आयुष्यात. माझं म्हणणं असं की हे काम करूनच शिकता येतं, पण एकट्याने करून शिकता येत नाही. बंद खोलीत झालेला, दुसऱ्या कोणी न ऐकलेला अनुभव वीस वर्षं साठला तरी त्यातून शिक्षण झालंच असेल याची काही खात्री नसते. तेव्हा याची पदवी कोणती आणि याला वर्षं किती झाली, हे दोन्ही प्रश्न दुय्यम आहेत. याचं काम कोण पाहतं आणि चुकत असेल तर ते याला कळतं कसं, हे आधी विचारायला हवं. आणि हा प्रश्न थेरपिस्टइतकाच समोर बसलेल्या क्लायंटचाही आहे.

वाद जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. व्हिएन्नात थिओडोर राइक नावाच्या मनोविश्लेषकावर वैदूगिरीचा आरोप झाला. राइकने मानसशास्त्रात डॉक्टरेट केली होती, पण तो वैद्यकीय डॉक्टर नव्हता, आणि तक्रार त्याच्याच एका माजी अमेरिकन रुग्णाची होती. १९२६ मध्ये मनोविश्लेषणाचा जनक सिगमंड फ्रॉइडने त्याच्या बचावासाठी एक छोटं पुस्तक लिहिलं. प्रकरण पुढे बारगळलं. 'डिग्री कशाला?' म्हणणारे आजही या पुस्तकाचा हवाला देतात, पण अर्धाच. वैद्यकीय शिक्षणात मनोविश्लेषणाला लागणारं फारसं काही शिकवलं जात नाही, हे फ्रॉइड म्हणाला खरं. त्याचबरोबर असंही म्हणाला, की खास प्रशिक्षण घेतल्याशिवाय हे काम कोणीच करू नये, आणि असं प्रशिक्षण न घेतलेला डॉक्टरही त्याच्या लेखी अनाडीच. त्या प्रशिक्षणाचा आराखडा त्याआधीच बर्लिनमध्ये आकाराला येऊ लागला होता. १९२० मध्ये तिथे मॅक्स आयटिंगॉन आणि सहकाऱ्यांनी एक मोफत-स्वस्त दवाखाना सुरू केला, आणि त्याच्या आधाराने त्रिसूत्री रुजली: सिद्धान्ताचे वर्ग, शिकणाऱ्याचं स्वतःचं विश्लेषण, आणि ज्येष्ठाच्या देखरेखीखाली रुग्ण पाहणं. जगभरच्या मनोविश्लेषण संस्थांत ही त्रिसूत्री कमीअधिक फरकाने अजून चालते.

अमेरिकेने मात्र फ्रॉइडचं ऐकलं नाही. तिथल्या मनोविश्लेषकांच्या मुख्य संघटनेने दार डॉक्टरांपुरतंच ठेवलं, आणि १९८५ मध्ये मानसशास्त्रज्ञ कोर्टात गेले तेव्हा कुठे, त्या दशकाच्या अखेरीस, ते नीट उघडलं. म्हणजे सुमारे साठ वर्षं दारावर कोणाला सोडायचं यावर खल झाला. या साठ वर्षांत दाराआड डॉक्टर विश्लेषकाचे रुग्ण जास्त बरे होत होते, असं कोणी मोजून दाखवलं? दारावर पहारा कडक होता, आत काय चालतं ते कोण पाहत होतं? आपल्याकडच्या वादात मला त्याच साठ वर्षांची पुनरावृत्ती दिसते.

आता पदवीवाल्यांचं जे बिनतोड आहे ते मान्य करून टाकू, कारण त्याला बगल देणारे लोक पुढे धोकादायक ठरतात. समोरचा माणूस उदास आहे, तो थायरॉइडमुळे आहे की नवऱ्यामुळे, हे ओळखायला अभ्यास लागतो. कानात आवाज येतात म्हणणाऱ्या मुलाला 'सकारात्मक विचार कर' सांगत चार महिने घालवले, तर ते चार महिने कोणी परत देत नाही. आत्महत्येचा विचार कसा विचारायचा, विचारल्यावर उत्तर आलं तर पुढच्या तासाभरात काय करायचं, मनोविकारतज्ज्ञाकडे कधी पाठवायचं, क्लायंटशी मैत्री, धंदा, प्रेम यांतलं काहीही का करायचं नाही, हे सगळं शिकवावं लागतं. जन्मजात समजूतदारपणातून ते येत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यामुळे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी होते, आणि नोंदणी असली की निदान तक्रार करायला एक दार असतं. ज्याची कुठेच नोंद नाही त्याची तक्रार कुठे करणार? समुपदेशक ही पाटी तर आपल्याकडे वर्षानुवर्षं कोणीही लावू शकत आला आहे. ज्योतिषी लावतो, जीवनप्रशिक्षक लावतो, निवृत्त झाल्यावर वेळ जात नाही म्हणून कोणी काका लावतात. या बेबंदपणावर पदवीवाले चिडतात, यात त्यांचं काय चुकलं?

चुकतं ते पुढे. किमान पात्रता म्हणजेच कौशल्य, असं ते धरतात. एम. ए. मानसशास्त्र झालेल्या कित्येक मुलामुलींनी खऱ्या क्लायंटसमोर किती तास काढलेले असतात आणि त्यांतले किती तास कोणी जाणत्याने ऐकलेले असतात? बऱ्याच ठिकाणी 'प्रॅक्टिकल' म्हणजे चाचण्या देणं, गुण काढणं आणि केस रिपोर्ट लिहिणं. रिपोर्ट सुबक असला की गुण मिळतात. क्लायंटला बरं वाटलं का, तो पुन्हा आला का, हा रकाना त्यात नसतो. क्लिनिकल सायकॉलॉजीतलं दोन वर्षांचं एम.फिल. यापेक्षा कितीतरी बरं, कारण त्यात रुग्णालयात, वरिष्ठांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम असतं. तिथेच माझा मुद्दा आहे. त्या पदवीत जी काही ताकद आहे ती या हाताखालच्या कामाची आहे, आणि पदवी मिळताच नेमकं तेच थांबतं. सर्टिफिकेट भिंतीवर चढतं, दार बंद होतं, आणि पुढची तीस वर्षं त्या माणसाचं एकही सेशन कोणी ऐकत नाही.

पदवीवाल्यांना अडचणीत आणणारा एक जुना प्रयोग आहे. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात हान्स स्ट्रप आणि सुझन हॅडली यांनी त्रासात असलेल्या विद्यार्थ्यांचा एक गट अनुभवी थेरपिस्टांकडे पाठवला, दुसरा गट विद्यार्थ्यांशी आपुलकीने वागण्याबद्दल नाव असलेल्या, पण मानसोपचाराचं प्रशिक्षण नसलेल्या प्राध्यापकांकडे. १९७९ मध्ये निष्कर्ष छापून आले: सरासरी पाहिली तर दोन्ही गट सारखेच सुधारले होते. अनुभववाल्यांना हा प्रयोग फार आवडतो. पण गट लहान होते, क्लायंट महाविद्यालयीन तरुण होते, आजार फार गुंतागुंतीचे नव्हते. प्राध्यापकांनी दवाखाने उघडावेत असं त्यातून निघत नाही. निघतं ते इतकंच, की पदवी आणि वर्षं यांच्या जोरावर जो मोठा फरक पडेल असं आपण धरून चालतो, तो दाखवायला गेलं की सापडत नाही.

अनुभववाल्यांचा खरा हुकमी एक्का मात्र आपल्या शेजारी, गोव्यात आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगात' या संस्थेने आणि विक्रम पटेल यांच्यासारख्या संशोधकांनी तिथे एक गोष्ट दाखवून दिली: मानसोपचारातली कोणतीही पदवी नसलेली स्थानिक माणसं प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसून नैराश्यावर परिणामकारक उपचार देऊ शकतात. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत १० आरोग्य केंद्रांतल्या रुग्णांना अशा समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांचा उपचार दिला. रोज थोडं थोडं पुन्हा कामाला, माणसांत, हालचालीला लागणं, हा त्याचा गाभा. नुसती नेहमीची वैद्यकीय सेवा सुधारून मिळालेल्या रुग्णांपेक्षा हे रुग्ण जास्त सुधारले. झिंबाब्वेत हरारे शहरात मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून आज्यांना समुपदेशनासाठी दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसवलं, आणि २०१६ मध्ये २४ दवाखान्यांतल्या चाचणीने त्या बाकाचा उपयोग सिद्ध केला. भारतासारख्या ज्या देशात लाखामागे एकही मनोविकारतज्ज्ञ भरत नाही, ज्या देशाच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत बहुतेक मानसिक आजारांच्या बाबतीत उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर निघालं, त्या देशात 'फक्त परवानेवाल्यांनीच बोलायचं' हा आग्रह धरणं म्हणजे बहुसंख्यांना 'तुम्ही थांबा' म्हणणं. हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे.

पण गोव्यात नेमकं काय घडलं, ते वाचायचे कष्ट किती जण घेतात? त्या समुपदेशकांना रस्त्यावरून उचलून खुर्चीवर बसवलं नव्हतं. आधी काही आठवड्यांचं वर्गातलं प्रशिक्षण झालं, त्यात एकमेकांसमोर भूमिका घेऊन सराव झाला. मग काही महिने उमेदवारी. त्या काळात त्यांची सेशन्स ध्वनिमुद्रित होत. गटात बसून ती ऐकली जात आणि एका ठरलेल्या मोजपट्टीवर समुपदेशकच एकमेकांच्या कामाला गुण देत, सुरुवातीला तज्ज्ञांच्या सोबतीने आणि पुढे बरंचसं स्वतःच्या बळावर. सक्षम ठरले तेच पुढे गेले. आता प्रामाणिकपणे सांगा: पुण्या-मुंबईतल्या किती उच्चशिक्षित, नोंदणीकृत, तासाला दोन-तीन हजार घेणाऱ्या थेरपिस्टांची सेशन्स दर आठवड्याला अशी कोणी ऐकतं? 'पदवी नसताना जमलं' ही त्या प्रयोगाची बातमी झाली, आणि 'दर आठवड्याला कोणीतरी ऐकत होतं' हे बातमीतून गळालं. गोव्याचा दाखला देऊन 'आम्हाला प्रशिक्षण नको' म्हणणारे त्या प्रयोगाचा अपमान करतात. हरारेच्या आज्याही शहराच्या आरोग्यसेवेत आधीपासून काम केलेल्या, शिकवलेल्या आणि देखरेखीखालच्या होत्या.

मग वर्षांचं काय? इतकी वर्षं केलं तर हात बसतोच की, असं आपल्याला वाटतं. अमेरिकेत १७० थेरपिस्ट आणि त्यांचे ६,५९१ क्लायंट यांच्या नोंदी सरासरी जवळजवळ पाच वर्षं तपासल्या गेल्या. तो अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. अनुभवागणिक निकाल सुधारले का? सरासरी पाहता नाही. किंचित, अगदी किंचित, पण घसरले. काही थेरपिस्ट सुधारले, हेही खरं. म्हणजे सुधारणं शक्य आहे, ते आपोआप होत नाही एवढंच. आणि आपण कसे आहोत याबद्दल थेरपिस्टांचा स्वतःचा अंदाज? २०१२ च्या एका पाहणीत १२९ मानसोपचार व्यावसायिकांना स्वतःला इतरांच्या तुलनेत कुठे ठेवाल असं विचारलं, तर चौघांतल्या एकाने स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत ठेवलं, आणि सरासरीच्या खाली एकानेही ठेवलं नाही. सगळ्यात बोलकं उदाहरण मायकेल लॅम्बर्ट यांच्या गटाचं, २००५ चं. ५५० क्लायंटपैकी कोणाची तब्येत उपचारांती बिघडेल, हे थेरपिस्टांना ओळखायला सांगितलं. बिघडली ४० जणांची. थेरपिस्टांनी तिघांकडे बोट दाखवलं होतं, आणि त्यांतलं एकच बरोबर निघालं. क्लायंटने भरलेल्या साध्या प्रश्नावलीवरून हिशेब मांडला तेव्हा मात्र बिघडणारे बहुतेक जण आधीच ओळखता आले.

ही माणसं मठ्ठ किंवा लबाड नव्हती. त्यांच्याजवळ चूक कळायचं साधन नव्हतं. खानावळवाल्याने स्वतः कधी चव घेतली नाही, आणि ज्यांना आमटी आवडली नाही ते मुकाट्याने पैसे देऊन दुसरीकडे जेवायला लागले, तर पंचवीस वर्षांनी ती आमटी सुधारेल का? थेरपिस्टचं नेमकं हेच होतं. ज्याला बरं वाटलं तो पेढे घेऊन येतो, बहिणीला पाठवतो, दिवाळीला फोन करतो. ज्याला बरं वाटलं नाही तो 'पुढच्या आठवड्यात जरा गडबड आहे, कळवतो' असं म्हणतो आणि कळवत नाही. पहिल्याची आठवण राहते, दुसऱ्याबद्दल 'त्याची तयारी नव्हती' असं एक वाक्य तयार असतं. अशा रीतीने वीस वर्षांत थेरपिस्टजवळ पेढ्यांची भलीमोठी साठवण होते आणि त्यालाच तो अनुभव म्हणतो.

यावर तोडगा निघून ऐंशी वर्षं झाली, हे विसरलं जातं. १९४० च्या सुमारास अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने सेशन्स ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. तबकड्या दर काही मिनिटांनी बदलायला लागायच्या, असला तो खटाटोप. १९४२ च्या पुस्तकात त्याने एका क्लायंटचं सगळंच्या सगळं उपचार-संभाषण शब्दशः छापलं. तोवर थेरपिस्ट काय करतो, हे फक्त थेरपिस्टच्या आठवणीवरून कळत होतं, आणि आठवण ही आपल्या सोयीची असते. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर लक्षात यायचं, की 'मी फक्त ऐकून घेतलं' असं मनापासून सांगणारा माणूस प्रत्यक्षात दर चौथ्या वाक्याला क्लायंटला आपल्याला हव्या त्या दिशेने ढकलत होता.

आपल्याकडे या आठवणीवर आणखी एक पुट चढतं. शिकाऊ समुपदेशक सेशन मराठीत घेतो, रिपोर्ट इंग्रजीत लिहितो आणि सुपरव्हायझरशी इंग्रजीतच चर्चा करतो. सासू, वाटणी, गावातलं घर, धाकट्या दिराचं लग्न यांवर समोरची बाई पंधरा मिनिटं बोलली, मध्ये दोनदा थांबली, एकदा हसली. रिपोर्टात दोन ओळी येतात. ती कुठे थांबली आणि ती थांबल्यावर समुपदेशकाने घाईघाईने काय विचारून तो थांबा मोडला, हे सुपरव्हायझरला कधीच कळत नाही. शिकवायचं नेमकं तेच तर होतं. मराठीत झालेलं सेशन मराठीतच ऐकलं जावं, एवढी साधी मागणीही आपल्या अभ्यासक्रमांत ऐकू येत नाही.

गुप्ततेचा आक्षेप इथे ताबडतोब येतो, आणि तो हलका नाही. कराड किंवा लातूरसारख्या गावात समुपदेशकाकडे जाताना दिसणं हीच जिथे धास्ती, तिथे 'तुमचं बोलणं रेकॉर्ड करू का?' या प्रश्नानेच माणूस उठून जाईल. त्यात फोनमधून काय कुठे जाईल याचा भरवसा उरलेला नाही. म्हणून सक्ती नको. संमती लेखी हवी, ती मधेच काढून घेता यायला हवी, मुद्रण फोनवर न करता साध्या यंत्रावर करावं आणि चर्चा झाली की पुसावं. ज्याने नाही म्हटलं त्याला उपचारात काही कमी पडू नये. पण मी पाहिलंय ते असं, की 'तुमच्यासाठी माझं काम सुधारावं म्हणून माझ्या वरिष्ठांना माझी चूक ऐकवायची आहे' असं सरळ सांगितलं तर बरेच जण हो म्हणतात. रेकॉर्डरची भीती क्लायंटपेक्षा थेरपिस्टला जास्त असते, असा मला दाट संशय आहे.

थेरपिस्टने स्वतः क्लायंट व्हावं का, यावर दोन्ही फळ्या तावातावाने बोलतात. बर्लिनच्या त्रिसूत्रीत ते सक्तीचं होतं. सक्तीचे दुष्परिणामही लवकर दिसले: कोणी कोणाचं विश्लेषण केलं यावरून घराणी पडली, आणि विद्यार्थी आपल्या विश्लेषकाला न दुखावण्यात वाकबगार झाले. १९४८ मध्ये खुद्द मायकेल बालिंट या मनोविश्लेषकाने या पद्धतीतल्या गुळमुळीत आज्ञाधारकपणावर कडक टीका केली होती. स्वतः थेरपी घेतलेल्यांचे क्लायंट जास्त बरे होतात, याचेही निर्णायक पुरावे नाहीत. पहिल्या पिढीचं तर बोलायलाच नको. १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापणारे गिरींद्रशेखर बोस विश्लेषण करून घ्यायला कोणाच्या कोचावर कधी पडले नव्हते, आणि फ्रॉइडही नव्हता. पण म्हणून ते एकटे शिकले का? फ्रॉइडचं १८९७ मधलं आत्मविश्लेषण बर्लिनच्या विल्हेल्म फ्लीस या डॉक्टर मित्राला लिहिलेल्या पत्रांतून चाललं होतं. बोस फ्रॉइडला पत्रं लिहीत, आणि त्याच्याशी मतभेदही कळवत. मुंबईचे कि. मो. फडके यांनी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिसशी कित्येक वर्षं पत्रव्यवहार केला आणि त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजवली. एलिसने तर बायकांशी बोलायची आपली भीती तरुणपणी ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी बोलून बोलून घालवली आणि त्यातून आपल्या उपचारपद्धतीचं पहिलं बीज पेरलं, ही कथा तो स्वतःच मिटक्या मारत सांगे. पुढे हाच एलिस न्यूयॉर्कमध्ये दर शुक्रवारी भरल्या सभागृहात लोकांसमोर सेशन घ्यायचा. त्याच्या पद्धतीबद्दल काय वाटेल ते म्हणा (मला त्याचा धबडगा कधी कधी अंगावर येतो), पण त्याने आपलं काम झाकून ठेवलं नाही.

तरीही थेरपिस्टने निदान काही काळ क्लायंटच्या खुर्चीत बसावं असं मला वाटतं, आणि त्याचं कारण फार थोर नाही. फी देताना काय वाटतं, घड्याळाकडे पाहणारा थेरपिस्ट कसा दिसतो, आपण सांगितलेल्या गोष्टीवर समोरचा नुसता 'हं' म्हणाला की घरी जाताना रस्त्यात काय काय मनात येतं, हे वर्गात शिकवता येत नाही. मुख्य म्हणजे, थेरपिस्टला खूश ठेवण्यासाठी आपण स्वतः किती खोटं बोलतो, ते तिथे कळतं.

कारण क्लायंट खोटं बोलतात, आणि बहुतेकदा सौजन्यापोटी. कॅनडात डेव्हिड रेनी या संशोधकाने क्लायंटना त्यांच्याच सेशनचं ध्वनिमुद्रण ऐकवून त्या-त्या क्षणी मनात काय चाललं होतं ते विचारलं. थेरपिस्टचं न पटलेलं गिळून टाकणं, त्याचा मान राखणं, टीका न करणं, हे त्यात सर्रास सापडलं. हे कॅनडातलं. जिथे पांढरा कोट दिसला की उभं राहायची सवय आहे, जिथे मोठ्यांना उलट बोलू नये हे बाळकडू आहे, तिथे काय असेल? आपला क्लायंट 'तुम्ही सांगाल तसं, मॅडम' म्हणत येतो. त्याला सल्ला हवा असतो, निदान तसं तो म्हणतो. सल्ला मिळाला की मान डोलावतो, घरी जाऊन तो पाळत नाही, आणि पुढच्या वेळी 'हो, थोडा फरक आहे' म्हणतो. मॅडमच्या वहीत 'फरक आहे' अशी नोंद होते.

तेव्हा क्लायंटनेही काही शिकायचं असतं, आणि तेही करूनच. 'मागच्या वेळी तुम्ही आईबद्दल जे बोललात ते मला लागलं' हे वाक्य समोरासमोर, आवाज न चढवता, म्हणता येणं. आपल्याला राग आला होता हे आठवड्याने का होईना, सांगता येणं. गृहपाठ केला नाही तर 'वेळ मिळाला नाही' न म्हणता 'मला ते पटलंच नव्हतं' म्हणता येणं. ज्या माणसाला हे घरी बायकोसमोर, ऑफिसात साहेबांसमोर जमत नाही म्हणून तो आलाय, त्याला ते त्या खोलीत पहिल्यांदा जमणं हा उपचाराचाच मोठा भाग आहे. आणि थेरपिस्टला त्याच्या चुका सांगणारं त्याहून अचूक माणूस दुसरं कोणी नाही.

दुःखात बुडालेल्या माणसावर थेरपिस्टला शिकवण्याचा भार का टाकता, असं यावर कोणी म्हणेल. गळ्याशी पाणी आलेल्याने पोहायच्या शिक्षकाची परीक्षा घ्यायची का? हा प्रश्न योग्य आहे, आणि म्हणून विचारायची जबाबदारी थेरपिस्टवरच राहिली पाहिजे. प्रत्येक सेशनच्या शेवटी दोन मिनिटं: आज जे बोललो त्यात तुमच्या कामाचं काय होतं, काय खटकलं, मी कुठे घाई केली? पहिल्या तीन-चार वेळी उत्तर 'सगळं छान होतं' असंच येईल. पाचव्या वेळी काहीतरी खरं येतं, आणि ते आल्यावर थेरपिस्टचा चेहरा पडला नाही तर सहाव्या वेळी आणखी येतं. त्यासाठी चार प्रश्नांच्या छोट्या प्रश्नावल्या आहेत, फुकट मिळतात, मराठीत आणायला अवघड नाहीत. कागदावर खूण करणं तोंडावर बोलण्यापेक्षा आपल्या लोकांना सोपं जातं.

कायदा आता हलू लागला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या केली. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि वर्तन-आरोग्य क्षेत्रातल्या इतर व्यावसायिकांनाही नोंदणीच्या कक्षेत आणायचं ठरवलं. अंमलबजावणी व्हायची तेव्हा होईल. माझी भीती अशी की नियम बनतील ते पुन्हा दारावरचे: अमुक पदवी, अमुक तासांचा अभ्यासक्रम, नूतनीकरणासाठी वर्षाला अमुक व्याख्यानांना हजेरी. हजेरीपट भरतील, सर्टिफिकेटं छापली जातील. त्याऐवजी नूतनीकरणासाठी एवढंच मागता येईल: वर्षभरात तुमची किती सेशन्स दुसऱ्या कोणी ऐकली किंवा पाहिली, आणि तुमच्याकडून मधेच निघून गेलेल्यांची नोंद तुम्ही ठेवता का? हा नियम पीएच.डी.वाल्यालाही लागू, सहा महिन्यांच्या कोर्सवाल्यालाही, आणि आरोग्य केंद्रात बसणाऱ्या ताईलाही. फसवणूक याही नियमात होईल, मान्य. पण खोटं सर्टिफिकेट मिळवण्यापेक्षा खोटा श्रोता मिळवणं थोडं जड जातं.

पैशाचा प्रश्न उरतो. सुपरव्हिजनची फी शहरातल्या नव्या समुपदेशकाला झेपत नाही, आणि तालुक्याच्या गावी सुपरव्हायझरच नसतो. पण त्यालाही जुना मार्ग आहे, आणि तो त्याच बालिंटचा. १९५० च्या दशकात लंडनमध्ये त्याने साध्या फॅमिली डॉक्टरांचे गट बांधले. दर आठवड्याला जमायचं, एकाने एक रुग्ण मांडायचा, आणि रुग्णाबरोबरच त्या डॉक्टरला त्या रुग्णाचं काय होतंय तेही बोलायचं. गोव्यातल्या समुपदेशकांनी एकमेकांना गुण देऊन दाखवले ते त्याच वाटेने. उदगीर, पंढरपूर आणि सावंतवाडीतल्या तिघी समुपदेशकांनी दर मंगळवारी रात्री नऊला फोनवर बसून, नाव-गाव वगळून, आळीपाळीने आपलं एकेक सेशन मांडायचं ठरवलं, तर त्याला ना विद्यापीठाची परवानगी लागते ना अनुदान. एक अट पाळावी: छान झालेलं सेशन आणायचं नाही. आणि क्लायंटने पहिल्या भेटीत फी विचारताना सोबत एवढंही विचारायला हरकत नाही, की तुमचं काम कोण ऐकतं. थेरपिस्ट या प्रश्नाने दुखावला, तर पुढच्या वेळेची तारीख घेण्याआधी थोडा विचार करावा.